डाव्या हातचा मळ

जड झालेल्या क्लचची तक्रार गाडीचा मालक सहसा करत नाही. ती करतो दुसराच कोणीतरी. त्यानं गाडी पेट्रोल भरायला नेलेली असते, किंवा हौसेनं एस.टी. स्टँडपर्यंत एक चक्कर मारलेली असते. परत येऊन तो गाडी लावतो, डाव्या हाताची बोटं दोन-चारदा उघडतो-मिटतो आणि विचारतो, "काहून गा, एवढा जड कसा?" मालकाला नवल वाटतं. क्लच काही एका रात्रीत जड होत नाही. तो रोज इतका थोडा थोडा जड होतो, की हातही रोज तेवढीच ताकद वाढवून लावत जातो आणि मधल्या मधे कोणालाच काही कळत नाही. ओझ्याची सवय होऊन जाणं ही आमच्या भागात तशीही काही नवी गोष्ट नाही.

आमच्या घरात तक्रार करणारा मी होतो आणि मालक माझा पुतण्या. तो पुण्याला नोकरी करतो. तिथं त्यानं वीसेक वर्षं जुनी, मोठ्या इंजिनाची एक जपानी मोटरसायकल हौसेनं विकत घेतली. पुढे सोसायटीत पार्किंगवरून कटकट सुरू झाली तेव्हा ती ट्रकमध्ये घालून दारव्ह्याला आणली आणि आमच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी केली. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता. "काका, अधूनमधून चालवत जा, नाहीतर आखडून जाईल," एवढी सूचना करून तो परत गेला. मी चालवली. गाडी सुरेख होती. इंजिनाचा आवाज ऐकून रस्त्यावरची पोरं थांबायची. पण बाजाराच्या गर्दीतून घरी येईपर्यंत माझा डावा अंगठा आणि मनगट यांच्यामधली शीर ठणकायला लागायची. फोनवर पुतण्याला सांगितलं, तर तो हसला. "काका, मोठ्या गाडीचा क्लच असाच असतो. आणि हायड्रॉलिक आहे तो. केबलचा नाही."

केबल नसल्यामुळेच क्लच जड, असा त्याच्या बोलण्याचा अर्थ निघत होता. खरं तर उलट व्हायला पाहिजे. मोठ्या इंजिनाच्या प्लेटा आवळून धरायला स्प्रिंगा कडक लागतात, तेवढा कडकपणा बोटांना सोसवत नाही, म्हणून तर मधे तेल घालायची युक्ती निघाली. तेल असूनही हात दुखत असेल तर त्याला काहीतरी कारण असणारच.

जड क्लचकडे बघायची आपली नजरच मुळात बिघडलेली आहे आणि ती बुलेटनं बिघडवली, असं माझं प्रामाणिक मत आहे. माझ्या मामाकडे बुलेट होती. जुन्या बांधणीची, बिडाच्या सिलिंडरची. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात. १९५५ पासून ती मद्रासला तयार व्हायला लागली आणि पुढे कित्येक वर्षं तिच्यात फारसा बदल झालाच नाही. मामाच्या बुलेटचा क्लच चांगलाच जड होता आणि मामाला त्याचा अभिमान होता. "बुलेट चालवाले मनगट पाह्यजे," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. गावातल्या सगळ्याच बुलेटवाल्यांचं हेच म्हणणं. आता विचार केला तर त्यातल्या बऱ्याच गाड्यांच्या जडपणामागची कारणं अगदी साधी होती. केबल कोरडी पडलेली असायची. १८९६ साली बोडेननं पेटंट घेतलेली ती आवरणातून सरकणारी तार, तिला अधूनमधून तेलाचे चार थेंब लागतात आणि तिचं आवरण टाकीखालून मोठ्या वळणानं न्यावं लागतं. आमच्याकडे तेल नाही आणि वळण वाटेल तसं. दुसरं कारण याहून मजेदार. क्लच घसरायला लागला की नव्या प्लेटांचा खर्च वाचवायला मिस्त्री स्प्रिंगांखाली वायसर टाकून द्यायचे. स्प्रिंग अधिक दबून बसली की प्लेटा घट्ट आवळल्या जातात, घसरणं काही महिने थांबतं आणि वाचलेले पैसे मालकाचं मनगट फेडत राहतं. मालक मात्र त्याला बुलेटचा स्वभाव समजतो.

त्याच काळात म्हैसूरच्या येझदीत पायानं गिअर हलवला की क्लच आपोआप सुटायचा. ही सोय होती, पण तिचं कौतुक करताना कोणी ऐकल्याचं मला आठवत नाही. हलक्या हातानं चालणाऱ्या गाडीचा रुबाब पडत नसावा.

केबलचं एक बरं असतं. तुटायच्या आधी ती सांगते. एकेक तार सुटते, दांड्याजवळ बोट फिरवलं की टोचते. तेलाच्या क्लचमध्ये असं काही टोचत नाही. वरून दिसते ती हँडलवरची छोटी डबी आणि तिच्यापासून खाली गेलेली काळी नळी. आत काय चाललं आहे ते हातालाच ओळखावं लागतं, आणि हाताचं तर मी आधीच सांगितलं.

तसं बघितलं तर दाबाच्या जोरावर काम करून घेणं दारव्ह्याला नवं नाही. हे गाव कापसाच्या मुलखातलं. माझे वडील एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये दिवाणजी होते. लहानपणी त्यांचा डबा घेऊन मी जायचो, तेव्हा गाठ बांधताना बघत उभं राहायची मुभा होती. शर्त एवढीच की पिवळ्या रेषेच्या आत पाय टाकायचा नाही. सरकी निघालेली रुई पेटीत टाकायची, माणसांनी ती आत उतरून तुडवायची, पुन्हा टाकायची, पुन्हा तुडवायची. मग माणसं बाजूला होत, पंप सुरू होई आणि खालून एक जाडजूड चकचकीत खांब सावकाश वर येई. खोलीभर वाटणारी रुई दाबत दाबत तो तिची एक लाकडासारखी टणक गाठ करून टाकी. त्यावर लोखंडी पट्ट्या आवळत. आजही आपल्याकडे गाठ १७० किलोची धरतात. त्या खांबाला कुठं साखळी नाही, दोरखंड नाही, चाक नाही. मला तेव्हा ते कळायचं नाही. वडिलांनी एकदा पंपाचा पिस्टन दाखवला. माझ्या मनगटापेक्षा फार मोठा नव्हता तो. "हा लहान आहे म्हणून थो मोठा उचलते," एवढंच ते म्हणाले. शाळेत पुढे पास्कलचा नियम आला तेव्हा वर्गात सगळ्यात आधी हात वर करणारा मी होतो.

बंद भांड्यातल्या द्रवावर एका ठिकाणी दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोचतो, हे पास्कलनं सतराव्या शतकात मांडलं. १७९५ साली इंग्लंडात जोसेफ ब्रामानं त्यावरून दाबयंत्राचं पेटंट घेतलं. लहान पिस्टनवर थोडं बळ लावा, मोठ्या पिस्टनवर क्षेत्रफळाच्या पटीत जास्त बळ मिळेल. हे यंत्र नसतं तर आमच्या जिल्ह्याचा इतिहास वेगळा झाला असता, असं म्हटलं तर फार होणार नाही. १८६१ ते ६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं आणि लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला भाव आला. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली. पुढे यवतमाळकडचा कापूस त्या मोठ्या मार्गाला नेऊन घालण्यासाठी मूर्तिजापूरपर्यंत अरुंद रुळांची गाडी आली. ११३ किलोमीटरचा रस्ता, वाटेत आमचं दारव्हा मोतीबाग स्टेशन, मालकी किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीची. तीच आमची शकुंतला. १९२१ साली मँचेस्टरला तयार झालेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत ती ओढत होतं. त्या बुटक्या डब्यांत सैल रुई भरून नेली असती तर हवाच जास्त गेली असती. गाठ जितकी घट्ट, तितका एका खेपेत माल जास्त. म्हणून रुळांच्या आसपास जिनांची धुराडी उभी राहिली. शकुंतला आता बंद आहे.

तर त्या प्रेसमधलीच गोष्ट, बोटाएवढी करून, पुतण्याच्या गाडीच्या हँडलवर बसवलेली होती. क्लचचा दांडा दाबला की वरच्या सिलिंडरमधला लहान पिस्टन तेल ढकलतो. तेल नळीतून खाली इंजिनाजवळच्या सिलिंडरमध्ये जातं. तिथला मोठा पिस्टन एक पोलादी कांडी आत रेटतो, कांडी स्प्रिंगांच्या विरुद्ध दाबपट्टी उचलते आणि प्लेटा सुट्या होतात. एवढंच यंत्र. बिघडायच्या जागा मात्र यादी करावी इतक्या.

आमचे मिस्त्री ट्रॅक्टर आणि ट्रकवाले. वय माझ्याएवढंच. दिग्रस रस्त्याला त्यांची टिनाची शेड आहे. मोटरसायकल ते घेत नाहीत, पण ही गाडी बघून जागचे उठले. चारी बाजूंनी बघितली, मग दांडा दाबला. परत दाबला. माझ्याकडे वळून म्हणाले, "भाऊ, हा तुमी रोज दाबता? मनगट दाखवा तं."

मी म्हटलं, पुतण्या म्हणतो की असाच असतो.

"असाच असते मणून कोण्या गाडीचा क्लच जड नाई राहत. ट्रकचा पाहा, बाई चालवू शकते आता. जड आहे तं कुठीतरी अडून राह्यला. वर आहे, मधात आहे, का खाली आहे, थे आधी पाह्य लागते."

मला हे बोलणं फार आवडलं. आजकाल गाडी बिघडली की सामान बदलायला सुरुवात होते. हे टाकून बघू, नाही जमलं तर ते टाकून बघू. मालकाच्या पैशानं चाललेली ती शोधयात्रा असते. मिस्त्रींनी एक पाना हातात घ्यायच्या आधी वाटेचे तुकडे पाडले.

आधी दांडा. ज्या बोल्टवर तो फिरतो तो काढला, तर ग्रीसचा मागमूस नाही, आणि दांडा पिस्टनला जिथं रेटतो तिथल्या पितळी बुशाला खड्डा पडलेला. बूश फिरवून बसवला, ग्रीस लावलं. करकर गेली, जडपणा राहिला. त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं, त्यांनी तेच धरून ठेवलं होतं.

मग खालच्या सिलिंडरच्या, हवा काढायच्या निपलला त्यांनी पारदर्शक नळी लावली, तिचं टोक बाटलीतल्या तेलात बुडवलं, निपल अर्धा फेरा उघडला आणि मला दांडा सावकाश दाबायला लावला. दांडा सरकन आत गेला. निपल बंद करून परत दाबायला लावला. तोच दगड. हे फार छान होतं. निपल उघडा असताना तेल बाहेर निघून जातं, स्प्रिंगांशी त्याची गाठच पडत नाही. तरीही दांडा जड लागला असता तर दोष वरचा: दांडा, वरचा पिस्टन, किंवा आतून सुजून बंद होत आलेली नळी. रबरी नळी बाहेरून धडधाकट दिसते आणि आतून बारीक होत जाते. मग तेल जायलाही अडतं आणि परत यायलाही. आमचा दांडा हलका झाला, याचा अर्थ वरची वाट मोकळी होती. अडचण खाली.

खाली म्हणजे गाडीच्या डाव्या अंगाला, चेनच्या पुढच्या चाकाशेजारी. हा खालचा सिलिंडर तिथं का बसवतात याला कारण आहे, कांडी तिकडूनच आत जाते. पण चेनवरून उडालेलं सगळं वंगण, सगळी धूळ, सगळा चिखल त्याच्याच डोक्यावर येऊन बसतो. झाकण काढलं तर आत दोन बोटं जाडीचा काळा थर. त्यात कापसाची तूसही होती. ती पुण्याची नव्हती, आमचीच. खरवडून काढल्यावर सिलिंडर दिसला.

"दांड्याले कोणी हात लावू नका," मिस्त्रींनी हाताखालच्या पोराला बजावलं. सिलिंडर जागेवरून सुटल्यावर पुढे अडवायला काही नसतं; चुकून दांडा दाबला गेला तर पिस्टन बाहेर उडतो आणि तेल सगळीकडे. फडकं धरून त्यांनी स्वतःच जरा जरा दाबत पिस्टन काढला. पिस्टनच्या अंगावर पांढरट भुकटी धरलेली आणि खाली ओरखडे. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी ओढून घेतं, तो त्याचा धर्मच आहे. आमच्याकडे पावसाळ्यात ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या गाडीत ते काम जोरात चालतं. पाणी तेलात मिसळून राहतं आणि ॲल्युमिनियमला खात बसतं. ती भुकटी म्हणजे गंज. पिस्टन सरकत होता, पण घासत, अडखळत. कांडीवरही गंजाची एक कडी होती. मिस्त्रींनी ती खिडकीच्या काचेवर लोळवून बघितली. वाकलेली नव्हती.

पोरानं सवयीनं डिझेलचा डबा पुढे केला. मिस्त्रींनी तो पायानंच बाजूला सारला. या सिलिंडरांतलं रबर वेगळ्या जातीचं असतं. ते ब्रेकचं तेल सोसतं, पण डिझेल-पेट्रोल लागलं की फुगतं. उलट ट्रॅक्टरच्या दुकानात मिळणारी साधी रबरी सील इंजिन ऑइलमध्ये वर्षानुवर्षं टिकते आणि ब्रेकच्या तेलात बिघडते. मापाची एक सील त्यांच्या डब्यात होती, मी ती उचलून दाखवलीसुद्धा. "माप बसते, जात नाई बसत," असं म्हणून त्यांनी ती परत ठेवून दिली. यवतमाळ, अमरावती, नागपूर, सगळीकडे फोन झाले. शेवटी पुतण्यानंच पुण्याहून किट मागवून कुरियर केलं.

तेल भरायची तऱ्हाही सांगण्यासारखी आहे. वरून भरून, दांडा पंप करत हवा काढायची ही नेहमीची रीत. पण बुडबुडे वर जाणार आणि आपण त्यांना खाली ढकलणार, असं ते भांडण चालतं. मिस्त्रींनी जनावरांच्या औषधाच्या दुकानातून मोठी सिरिंज आणवली आणि तेल खालच्या निपलातून वर चढवलं. हवा आपल्या वाटेनं वरच्या डबीत येऊन फुटली. जाताना जुन्या ट्यूबची पट्टी कापून त्यांनी दांडा हँडलला आवळून बांधला. रात्रभर तसाच ठेवा, म्हणाले. कुठं एखादा बारीक बुडबुडा चिकटून राहिला असेल तर तोही निघून जातो.

सकाळी पट्टी सोडली. दांडा मऊ चालत होता, कुठं अडखळणं नाही. तरीही जडच. पहिल्यासारखा नाही, पण यवतमाळला जाऊन यायचं म्हटलं तर नको वाटावं इतका. इथं खरं तर हार मानून 'मोठ्या गाडीचा असतो' म्हणायला हरकत नव्हती. मिस्त्री मात्र शेडमधल्या उजेडात वरच्या सिलिंडरकडे डोळे बारीक करून बघत बसले. त्याच्या बुडाशी ओतीव आकडा होता: ५/८. पुतण्यानं फोनवरून त्या गाडीच्या पुस्तकाचं पान पाठवलं. त्यात वरच्या पिस्टनचं माप १४ मिलिमीटर होतं.

५/८ इंच म्हणजे जवळजवळ १५.९ मिलिमीटर. दोन मिलिमीटरचाही फरक नाही. पण वडिलांचं ते वाक्य आठवा; खेळ सगळा क्षेत्रफळाचा, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गानं वाढतं. समजा खालचा पिस्टन ३८ मिलिमीटरचा आहे. वर १४ चा असेल तर बळ ७.४ पट होतं. वर १५.९ चा बसवला की ते ५.७ पटीवर येतं. म्हणजे तीच स्प्रिंग दाबायला बोटांना पहिल्यापेक्षा २८-२९ टक्के जास्त जोर लागतो. आधीच्या कोण्या मालकाकडून गाडी डाव्या अंगावर पडली असावी, दांड्यासकट सिलिंडर फुटला असावा आणि त्यानं दुसऱ्या गाडीचा मिळाला तो बसवला असावा. बसला. चालला. त्याच्या हाताला सवय झाली. मग पुतण्याच्या.

गंमत अशी, की निपलाच्या परीक्षेनं बोट खाली दाखवलं होतं आणि अर्धं दुखणं वर निघालं. परीक्षा खोटी नव्हती. निपल उघडा असताना स्प्रिंगांचं ओझं नसतं, आणि ओझंच नसलं तर पिस्टन मोठा असो की लहान, हाताला सारखंच. ओझं खाली होतं. ते वाटून घेणारा वर चुकीचा बसला होता. मिस्त्रींना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मंग काय, दोघंही गुन्हेगार." आणि तंबाखू मळायला लागले.

१४ चा सिलिंडर आला, बसला. आता क्लच दोन बोटांनी दबतो. फुकट मात्र काही मिळत नाही, हेही सांगून टाकतो. वरचा पिस्टन १२ मिलिमीटर सरकला, तर मोठ्या मापात खालचा २.१ मिलिमीटर हलत होता. लहान मापात तो १.६ मिलिमीटरच हलतो. जोर कमी, तर वाटही कमी. म्हणून आता दांडा हँडलला अगदी टेकेपर्यंत दाबावा लागतो, आणि थंड इंजिनात न्यूट्रल शोधताना पायाला जरा लाडीगोडी करावी लागते. याहून लहान सिलिंडर टाकला असता तर क्लच आणखी हलका झाला असता, पण पुरता सुटलाच नसता आणि गाडी सिग्नलला ओढ घेत राहिली असती. गाडी बनवणाऱ्यानं १४ हे माप उगीच निवडलेलं नव्हतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांची खांदशेकणी असते. जुवाखाली वर्षभर घासलेल्या खांद्याला हळद-तूप लावून चोळायचं, दुसऱ्या दिवसाचं जेवणाचं आवतण द्यायचं. धार्मिक विधी म्हणून आपण ते करतो, पण त्यात एक काम आपोआप होतं: घरच्या माणसाचा हात वर्षातून एकदा तरी बैलाच्या खांद्यावरून नीट फिरतो. कुठं सूज आहे, कुठं कातडं सोललं आहे, ते कळतं. यंत्रांना आपण दसऱ्याला पुजतो. हार घालतो, कुंकू लावतो, झेंडूचं फूल हँडलला खोचतो. पण हात फिरवत नाही. ट्रॅक्टर घरात आले, बैल कमी झाले, खांदशेकणी उरली ती मातीच्या बैलांपुरती. हे वाईट झालं असं मी म्हणत नाही, बैलाच्या मानेवरचं ओझं उतरलं हे चांगलंच. पण तो तपासायचा हात आपण ट्रॅक्टरवर, मोटरसायकलवर आणला असता तर बरं झालं असतं.

दिवाळीला पुतण्या आला. ताडपत्री काढली, गाडीवर बसला, दांडा दाबला आणि घाबरून माझ्याकडे बघत म्हणाला, "काका, क्लच गेला वाटते. काही लागतच नाही हाताला." त्याला गाडी सुरू करून एक चक्कर मारायला लावली. परत आला तेव्हा बोलला काही नाही. रात्री मात्र त्यानं पुण्याच्या दोन मित्रांना फोन करून त्यांच्या सिलिंडरवरचे आकडे वाचायला लावले.

तुमच्या गाडीच्या हँडलवर डावीकडेही तेलाची डबी असेल, तर आधी तिच्या झाकणावर काय लिहिलं आहे ते वाचा. बहुतेकांवर डॉट ४ असतं. काही युरोपी गाड्यांना खनिज तेल लागतं, आणि एकाच्या जागी दुसरं घातलं तर आतली सगळी रबरं जातात. झाकण उघडायच्या आधी टाकीवर ओलं फडकं टाका. हे तेल रंग खातं. सांडलं तर पुसत बसू नका, आधी भरपूर पाणी ओता. तेलाचा रंग काळपट दिसला तर बदला, आणि दिसला नाही तरी दोन वर्षांनी बदलाच, शक्यतो पावसाळा संपल्यावर. आणि गाडी एकदा दुसऱ्या कोणाला चालवायला द्या. परत आल्यावर त्यानं बोटं उघडमीट केली, तर त्याचं ऐका.